दार कुणी उघडेना

दवाखान्यात नंबराची वाट बघता बघता दोन म्हातारे कवी एकमेकांना भिडले होते. मधे एकाची बायको बसली होती. टेबलामागे नर्सबाई ऐकत होत्या.

“ऐक. मरणाच्या दारी बसलो, दार कुणी उघडेना.”

“एवढंच? दार मोडून आत शिरलो, मरणसुद्धा भेटेना.”

“यमक माझं ढापलंस.”

“दुःख तर माझं आहे ना? वहिनी, तुम्हीच सांगा, जास्त दुःखी कोण?”

“तिला काय विचारतोस? जन्मात माझी एक ओळ वाचली नाही तिनं.”

“वाचली नाही. जेवताना, झोपताना ऐकली मात्र सगळी.”

“आजी, तुमचा रिपोर्ट आलाय. डॉक्टर म्हणतात, घरचं कोणीतरी सोबत हवं.”

“तू हो पुढे. मला उत्तर सुचतंय.”

“घरचं कोणी आलेलं नाही,” आजी नर्सबाईंना म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.