सावलीची सीट

मेहकरच्या स्टँडवर एका आजोबांनी खिडकीतून रुमाल टाकून एसटीतली सावलीची सीट धरली. एवढा मुरलेला प्रवासी चुकायचा नाही, म्हणून संजीवनीनंही त्यांच्या मागच्या सीटवर ओढणी फेकली. गाडी स्टँडबाहेर पडून बुलढाण्याकडे वळली आणि ऊन थेट त्यांच्याच बाजूनं आत घुसलं. आजोबांशेजारी बसलेल्या आजी कडाडल्या.

"अवो, सावली पाहूनच रुमाल टाकला होता ना?"

"हाव. तवा सावलीच होती."

"मंग हे ऊन कुठून आलं?"

"पृथ्वी फिरली."

"कधी?"

"आत्ताच. तू चिवडा खाऊन राह्यली होती."

"मले तं धक्काबी नाही लागला."

"तिचा डायवर चांगला आहे."

"पृथ्वी फिरते, तं आपलं डोणगाव?"

"तेबी फिरते."

"आन बुलढाणा?"

"तोबी. संगंसंगंच."

"मंग घरीच बसून राहू. येईन बुलढाणा दारात."

"येत नाही ना वं! जेवढं आपण सरकतो, तेवढाच तो पुढं पळते. म्हणून तं एसटी लागते."

"असं होय."

"आन पृथ्वी नुसती जागेवर नाही फिरत. दरसाल सूर्याले पुरा वेढा घालते, आपल्याले घेऊन."

"आपल्याले घेऊन?"

"मंग! लगन झाल्यापासून तुले सूर्याभोवती फिरवून राह्यलो. आन तू गावभर सांगते, माह्या माणसानं मले कुठंच नेलं नाही."

संजीवनीनं ओढणी डोक्यावरून पुढं ओढली.

"सूर्याभोवती?"

"हाव."

"म्हणजे तिथंबी उन्हातच बसवलं."