चार हातांची वेणी

संधिवाताच्या डॉक्टरांकडे मी नंबराची वाट पाहत बसले होते. पुढच्या बाकावर दोघीजणी बोलत होत्या.

“वेणी किती छान घातलीये हो ताई! लेकीनं?”

“लेक कुठली! आमच्या ह्यांनी.”

“काय सांगता!”

“वायरमन आहेत ना. वायरी वळून वळून हात बसलाय.”

“नशीब काढलंत. आमच्याकडे आयता चहासुद्धा मिळत नाही.”

“नशीब कसलं! मागच्या वर्षापर्यंत हे रोज प्यायचे. सकाळी माझी बोटं आखडलेली, ह्यांची थरथरणारी. घरात चार हात, पण एक वेणी धड होईना.”

“मग दारू सुटली कशी?”

“मला ह्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांवर दारू अजिबात चालणार नाही, लिव्हर खराब होतं. मी तर जन्मात थेंब घेतलेला नाही! पण शेजारी बसलेले हे मान खाली घालून म्हणाले, ‘नाही घेणार, डॉक्टर.’”

“अगंबाई! त्यांना वाटलं, आपल्यालाच सांगतायत?”

“मलाही तेच वाटलं. म्हटलं, होतोय गैरसमज तर होऊ दे, आपण कशाला तोंड उघडा! पण फार त्रास काढला हो त्यांनी. घाम काय, चिडचिड काय, रात्रभर येरझाऱ्या काय. तरी सकाळी कंगवा घेऊन माझ्या मागे हजर. शेवटी मलाच राहवेना. एकदा वेणी घालताना सांगून टाकलं, अहो, डॉक्टर ते मला म्हणाले होते, तुम्हाला नाही.”

“मग?”

“म्हणाले, ‘माहितीये. मान हलवू नकोस, पेड सुटतोय.’”