चाकूरच्या गाडीचं छप्पर

— आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही. आमच्या आबांचा नियम हाय काका, मी फ्रॉकात होते तेव्हापासूनचा. तुम्ही चाकूरहून आलात, तुमच्या रविकिरणची वरात उघड्या गाडीतून काढायची, वरचं छप्पर कापून पाहिजे — समजलं मला. पण अजून ग्राइंडर लावलेला नाही मी. हसू नका. इंजिनिअर झाली म्हणून शिकवून राहिली, असंच वाटतंय ना? वाटू द्या.

जुन्या जीपला खाली लोखंडी चासी, म्हणजे सांगाडा, वेगळी असायची, वरचं काढलं तरी तिला फारसं काही होत नव्हतं. आबांचा हात त्याच्यावरच बसला, निवृत्ती मिस्त्री म्हणून लातुरात नाव झालं, सगळं खरं. पण तुमच्या गाडीला वेगळी चासीच नाही. हा तळ, हे खांब, हे छप्पर — सगळं मिळून चासी. तेलाचा डबा हातानं पिळून बघा — पिळतो का? वरचा पत्रा कापा, मग बघा. हे मागचं एक चाक मी जॅकवर उचललंय. आता दार लावा. लावा हो. — लागलं की नाही टप्पकन? मागं आम्ही बिलोलीच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं छप्पर असंच कापलं, तीही अशीच उचलली, तर दार लागेचना. मग आबांनी काय केलं? दाराची कडी घासली. लागेपर्यंत घासली. आबा, मान कशाला खाली घालता, घासली ना?

चालवायला काय फरक पडतो म्हणता? कॉलेजात आम्ही रेसची गाडी केली, हलकी करायच्या नादात सांगाड्याच्या दोन नळ्या काढल्या. स्प्रिंगा बदलल्या, टायरची हवा बदलली, गाडी वळणावर ऐकेचना — स्प्रिंग दबायच्या आधी सांगाडाच पिळत होता. तिथं ट्रॅकच्या कडेला टायर रचलेले, त्यांच्यावर आदळलो आणि हसलो. औशाच्या रस्त्याला टायर रचलेले नसतात, समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो. बिलोलीची गाडी मीच नेली होती औशापर्यंत, ऐंशीवर. वळणावर स्टेअरिंग फिरवलं — तोंड वळलं, मागचं धूड क्षणभर सरळच गेलं, मग झटका देऊन आलं. परत आले, आबांनी विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, एकदम मस्त. — हो आबा, खोटं बोलले. छप्पर कापलं तरी खालून दोन पाइप लावले की पुरे, हे मीच सांगितलं होतं ना. नवी डिग्री, चुकलं कसं म्हणू? आज सकाळी त्या बिलोलीच्या माणसाला फोन केला. म्हणाला, ताई, गाडी लग्नसराईभर बुक आहे, मागं दहा-दहा पोरं उभी राहून नाचतात, काही होत नाही. काही होत नाही! अजून झालं नाही म्हणा.

वरात सावकाश चालते, मान्य काका. पण वरातीनंतर रविकिरण हीच गाडी पळवणार, की दारात ठेवून पूजा करणार? नाही. मी कापणार नाही, आणि आबा, तुम्हीही नाही. दुसरीकडं कापून मिळेल, लई मिस्त्री आहेत — इथं नाही. आणि हा धरा फोन, आबा, बिलोलीला लावलाय. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल. रिंग जातेय. — उचलला त्यानं. सांगा, गाडी उभी कर म्हणून. आबा? — काका, तुम्ही तरी म्हणा त्यांना. बोला ना कोणीतरी, तो हॅलो हॅलो करून राहिला —