गोदाबाईंच्या जागी अ‍ॅडमिन

या मंडळी, पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा. एका पोरीची गोष्ट सांगतो. पण आधी सवाल — ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव आपल्या हातून पुसलं गेलं, तर दोष कुणाचा? यंत्राचा, की न तपासणाऱ्याचा?

नाशिककडची मैथिली खैरनार. रानभाज्यांवर प्रबंध लिहिलेला. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं! संदर्भांची यादी तिनं एका फुकट संकेतस्थळावर केली. एकेक दुवा टाकला, बटण दाबलं — सत्तर नोंदी तयार. नवस न बोलता देव पावला म्हणा ना!

यादी घेऊन पोरगी ग्रंथालयाची सही घ्यायला गेली. ग्रंथपाल पिंगळेबाई डबा खात होत्या. त्यांनी चष्मा लावला.

"काय गं, हा अ‍ॅडमिन कोण?"

"कुठला, बाई?"

"रानभाज्यांच्या पुस्तिकेचा लेखक. आडनाव-बिडनाव आहे की नाही त्याला?"

"बाई, यादी संकेतस्थळानं केली. पुस्तिका नेटवर चढवणाऱ्याचं नाव उचललं असेल त्यानं. सगळे तेच वापरतात."

"वापर की! पण राबला आचारी आणि शेला वाढप्याला, असं झालंय हे."

बाईंनी कपाटातून पुस्तिकाच काढली. वर नाव — गोदाबाई वारघडे, सुईण. मैथिलीला चटका बसला. कडूकंद किती वेळा उकळायचा, कुठली भाजी बाळंतिणीला द्यायची, तिचं अख्खं तिसरं प्रकरण या माउलीच्या जिवावर होतं!

"एवढं दुरुस्त करते नि देते, बाई. अडीच वाजले."

"आणि बाकीच्या एकोणसत्तर?"

पोरीचे डोळे भरले. बाईंनी अर्धा डबा झाकला, खुर्ची ओढली. "रडायला पाचनंतर वेळ आहे. तू वाच, मी पुस्तकं काढते."

नऊ चुका निघाल्या, मंडळी! कुठं साल भलतं, कुठं संपादकच लेखक. चारला यादी छापून झाली.

"बाई, ऋणनिर्देशात तुमचं नाव घालते."

"आता पानं बदलत बसू नकोस. पळ."

पाचला दहा कमी असताना प्रबंध पोचला. गोदाबाई आपल्या जागी बसल्या.

यंत्रानं कष्ट वाचवले, त्याचेही उपकार. पण तपासायला माणूस लागला. आणि तुम्ही हो? रोज सकाळी फोनवर अभंग पुढे ढकलता, खाली नाव कुणाचं ते बघता का?

त्या प्रबंधात पिंगळेबाईंचं नाव कुठंच नाही. म्हणून आज घरी पानावर बसलात, की पहिल्या घासाआधी त्या अर्ध्या डब्यावरून उठलेल्या बाईंची आठवण काढा.