धाकलूकाकांचा ओटा आणि राजेशचं शिक्षण

आजच्या या कौतुकाच्या आणि निरोपाच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त आणि डॉक्टर मंडळी, कोंडाण्याहून मुद्दाम आलेले राजेशचे वडील विठूभाऊ, आपल्या केंद्रातले माझे सहकारी, उपचारासाठी येणारी सारी माणसं, आणि ज्याच्यासाठी आपण जमलो तो राजेश, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला सांगितलंय, छायाताई, थोडक्यात बोला. खालापुरातल्या आपल्या या केंद्रात इतकी वर्षं मी लोकांना बोलतं करते आहे, तेव्हा स्वतःला आवरायची सवय उरलेली नाही. तरी प्रयत्न करते.

राजेश पुनर्वसन समुपदेशनाची पदव्युत्तर परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि ठाण्याच्या एका रुग्णालयात रुजू होतोय, हे आपण जाणताच. मात्र तो या अभ्यासक्रमात नेमकं काय शिकला, असं गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं, हा विठूभाऊंचा प्रश्न आहे. मघाशीच ते मला म्हणाले, "ताई, पोरगा दोन वरसं ऐकायला शिकला म्हंतो. ऐकायला काय शिकायचं? कान तं देवानं दिलंत."

विठूभाऊ, त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

राजेश आपल्याकडे पहिल्यांदा आला तो विद्यार्थी म्हणून नव्हे. एका फार्महाऊसच्या छपरावर पत्रे ठोकताना तो खाली पडला, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं अंग गेलं. पदवीचं शेवटचं वर्ष त्याने चाकांच्या खुर्चीतून पूर्ण केलं. मग म्हणाला, मलाही हेच काम करायचंय. आम्हा सगळ्यांना वाटलं, याच्याइतका योग्य माणूस कोण? ज्याने सोसलं, त्याला दुसऱ्याचं सोसणं आपोआप कळणार. मुंबईतल्या वर्गात दीड वर्ष शिकून तो प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी माझ्या हाताखाली आला, तेव्हा त्याचाही तोच विश्वास होता.

त्याला पहिला माणूस मिळाला तो म्हणजे भिवपुरीजवळच्या गावातले धाकलूकाका. साखरेच्या आजारात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. इस्पितळातून आल्यापासून ते घराच्या ओट्यावर खाटेवर पडून. कृत्रिम पायाचं माप द्यायला तयार नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. ही हकीकत मी काकांना विचारूनच सांगते आहे बरं का. आमच्या धंद्यात न विचारता कुणाचं काही सांगत नाहीत. काका म्हणाले, "सांग गं, पन भागीला घाबरट म्हनू नको." भागूबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. बघा, समोरच बसून हसताहेत.

पहिल्या भेटीत गल्लीतल्या माणसांनी राजेशची खुर्ची उचलून ओट्यावर चढवली. अर्ध्या तासात तो परत निघाला. केंद्रात आला तो उतरलेल्या चेहऱ्याने.

"मॅडम, मी त्यांना माझं सांगितलं. म्हटलं, काका, तुमचा एकच पाय गेला, माझे तर दोन्ही. तरी मी फिरतोच ना?"

"मग?"

"त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, तू जा रं पोरा."

मी म्हटलं, "कुणाचा घाव मोठा, ते मोजायला गेलो होतो का आपण?"

त्याने खुर्चीच्या चाकांकडे पाहिलं. मग त्याने मला विचारलं, "मग मी माझं काय करू, मॅडम? ही खुर्ची बाहेर ठेवून आत जाऊ?"

मंडळी, असा प्रश्न मला कोणत्याही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्या आठवड्यात त्याने अभ्यासक्रम सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. मी थांबवलं नाही. तो निर्णय त्याचाच होता. पण चार दिवसांनी तो म्हणाला, "सोडायचंच असेल तर नंतर सोडीन. आधी काकांची माफी मागून येतो."

या वेळी खुर्ची उचलायला माणसं धावली तर त्याने त्यांना थांबवलं आणि अंगणातूनच हाक दिली, "काका, वर येऊ का हितंच बसू?"

वरून आवाज आला, "बस तितंच."

तो बसला. म्हणाला, "मागं मी चुकीचं बोललो. तुमच्या पायाचं मला कायबी ठावं नाय. तुमी सांगाल तेवढंच मला कळंल."

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला, पुन्हा अंगणातच बसला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात. हळूहळू बोलणं सुरू झालं: म्हशीचं, पाटाच्या पाण्याचं, शेजाऱ्याने सरकवलेल्या बांधाचं. वरून काका ओरडणार, खालून हा. पायाचा विषय दोघांनीही काढला नाही.

एकदा त्याचं काम पाहायला मीही गेले होते. गोठ्यापाशी उभी होते. बोलता बोलता काकांनी अचानक विचारलं, "राजेश, तू पडलास, मंग तुला कळलं आता पाय नाय चालनार. तवा तू काय केलंस रं?"

गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. राजेश म्हणाला, "काका, ह्ये वरडून सांगायचं नाय."

आणि धाकलूकाका खाटेवरून खाली सरकले. हातांवर भार देत, बसत बसत ओट्याच्या कडेला आले. भागूबाई किंचाळल्या, "अवो, पडाल ना!" त्या धावल्या, तसा राजेशने हात वर केला. "काकी, थांबा. येऊ द्या त्यांना."

माझेही पाय पुढे निघाले होते, मंडळी. इतक्या वर्षांचा अनुभव, पण मला ते बघवत नव्हतं. हा पोरगा मात्र जागचा हलला नाही. त्याचा हात तसाच वर होता. एकेक पायरी बसत उतरून काका अंगणात आले. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मातीला हात लावला होता. ते खुर्चीच्या चाकाला टेकून बसले आणि म्हणाले, "आता सांग."

काय सांगितलं, मला ठाऊक नाही. मी भागूबाईंना घेऊन गोठ्यामागे गेले. ते दोघांचं होतं. आम्ही दोघी तिथे उभ्या राहून रडलो एवढं सांगते.

पुढचं आपल्याला माहीत आहे. काय करावंसं वाटतं असं राजेशने विचारल्यावर काका म्हणाले, "मला आवन खनायचाय." लावणीआधी भाताची रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधायच्या, ते काम. डॉक्टरांनी आधी चिखलाला साफ नकार दिला. राजेश काकांनाच त्यांच्यापुढे घेऊन गेला. जखम पुरी भरू द्यायची, वर रबरी आवरण घालायचं, बसायला फळी घ्यायची, असं ठरलं. गेल्या पावसाळ्यात काका आपल्या शेतात बसून मुठी बांधत होते. आज ते कृत्रिम पायावर चालत या सभागृहात आले आहेत.

विठूभाऊ, कान देवानेच दिले. पण आपलं दुःख उशाशी असताना दुसऱ्याचं त्याच्याच मापाने ऐकायचं, आणि तो उतरत असताना आपला धावणारा हात आवरायचा, हे तुमच्या मुलाने शिकून घेतलं. शिकवणारी म्हणून माझं नाव कागदावर आहे. त्या अंगणात मी नुसती बघत राहिले होते.

मघाशी दारात काकांनी राजेशला विचारलं, "ठाण्याला तुजं कोन ऐकंल रं?"

राजेश हसला. म्हणाला, "बघू काका, मिळंल कुनीतरी."

"बघू काय? फोन कर. मी हाय."

संयोजकांनी मला ही संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे शब्द कमी-जास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. राजेश, सुखाने जा. नमस्कार.