आरोही बिराजदार हिचा पासपोर्ट माझ्याकडे कसा आला

जबाब
दिनांक 27/11/2025, वेळ दुपारी 12.20

नाव: शिवराज बिराप्पा दुधभाते, वय 21 वर्षे, धंदा: बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातून शिक्षण सोडले, सध्या वडिलांसोबत मेंढ्या राखणे, रा. सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव.

मी वरील इसम आज आईसोबत आपल्या पायानं ठाण्यात आलो आहे, मला कोणी धरून आणलेलं नाही. हवालदार गोरोबा कदम यांनी विचारल्यावरून जे घडलं तेवढंच सांगतो, ते असं की,

मंगळवारी दिनांक 25 रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास आमच्या गावातील आण्णासाहेब बिराजदार यांच्या घरून त्यांची मुलगी आरोही, वय 23, हिच्या कागदपत्रांची निळी फाईल मी उचलून नेली. फाईलमध्ये तिचा पासपोर्ट होता. ती ब्रिटनमध्ये लीड्स या शहरात दवाखान्यात नर्स म्हणून लागली आहे. शनिवारी दिनांक 29 रोजी हैदराबादहून तिचं विमान आहे. पासपोर्ट नसेल तर तिला जाता येणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच नेला.

आरोहीची व माझी ओळख लहानपणापासूनची आहे. जवळीक दोन वर्षांपासूनची. ती नर्सिंग शिकून गावाजवळच्या दवाखान्यात काम करत होती. परदेशी जायला तिला इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. तीत बोलण्याचा भाग असा असतो की समोरचा पेशंट होतो आणि आपण नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ती त्याच भागात नापास झाली. मला म्हणाली, "बोलायला माणूसच न्हाय रे. आरशासंगं किती बोलू?" मी म्हणालो, मी होतो पेशंट.

दिनांक 6 जानेवारीपासून आम्ही रोज साडेचार ते सहा सराव करत होतो. जागा: जुन्या गावात, आमच्या मेंढ्यांच्या वाडग्याशेजारी. 1993 च्या भूकंपानंतर तिकडं कोणी राहत नाही. कॉलेज करून साडेचारला पोचणारी एस.टी. नाही, म्हणून आधी दुपारचे तास बुडवले आणि फेब्रुवारीपासून मी कॉलेजला गेलोच नाही. हजेरी भरली नाही, परीक्षेला बसू दिलं नाही. कॉलेज सोड असं आरोहीनं मला कधीही म्हटलेलं नाही. सोडू नको असंही म्हटलेलं नाही.

पेशंटचं नाव मीच ठेवलं, हॅरॉल्ड. वय 82, राहणार लीड्स, बायको वारलेली, खुबा मोडलेला. मी घोंगडी पांघरून दगडावर बसायचो आणि कण्हायचो. ती यायची, नाव विचारायची, दुखणं एक ते दहापैकी किती ते विचारायची. मी दर वेळी अकरा म्हणायचो. ती हसायची आणि मग आम्हाला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

हॅरॉल्डनं काय बोलावं हे कळावं म्हणून मी रोज मेंढ्यांमागं फिरताना मोबाईलवर तिकडच्या रेडिओच्या बातम्या ऐकायचो. तिकडं लोक आधी हवेबद्दल बोलतात, मग कामाचं. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे असतात आणि चुकीच्या दिवशी चुकीचा डबा बाहेर ठेवला तर शेजारी आठवडाभर नीट बोलत नाही. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. आपल्या पायावर दुसऱ्यानं पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं. हिवाळ्यात चार वाजता दिवस मावळतो. डॉक्टरची वेळ मिळायला तीन तीन आठवडे लागतात, मध्येच डॉक्टर संपावर जातात. रविवारी म्हातारी माणसं बागेतलं गवत कापतात, नातू दारूच्या दुकानात बसून फुटबॉल बघतो. हॅरॉल्ड या सगळ्याबद्दल तक्रार करायचा आणि आरोही त्याची समजूत काढायची.

हवालदारांनी हे सगळं लिहायचं का असं विचारलं. लिहा म्हणालो, कारण पुढं जी चार पानं येतात त्यात हेच आहे.

मे महिन्यात तिकडची एक बातमी मी तिला सांगितली, की बाहेरून आलेल्यांना कायमचं राहायला पाच वर्षं लागायची ती आता दहा करायचं सरकार म्हणतंय. ती म्हणाली, "दहा तर दहा. तू हायस की संगं." नर्सला नवरा सोबत नेता येतो. परीक्षा पास झाली की रजिस्टर लग्न करून मला न्यायचं असं आमचं ठरलं होतं. साक्षीदार कोणी नाही. मेंढ्या होत्या.

बाहेरच्या लोकांविरुद्ध तिकडं मोर्चे निघतात हेही मी ऐकलं होतं. म्हणून एकदा हॅरॉल्ड होऊन मी तिला म्हणालो, तू तुझ्या देशात परत का जात नाहीस? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घोंगडी काढून उठलो तर तिनं मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि मराठीतच म्हणाली, "म्हाताऱ्या, आधी गोळी खा. मग जाते मी." हे तिनं परीक्षेसाठी इंग्रजीत पाठ केलं. जुलैमध्ये ती पास झाली.

रणधीर उत्तरेश्वर साळुंके, रा. ईट, ता. भूम, हा पहिल्या वर्षी कॉलेजच्या होस्टेलवर माझ्या खोलीत होता. एप्रिलमध्ये तो आमच्या घरी दोन दिवस राहायला आला तेव्हा त्यानं आमचा सराव बघितला. "शिवऱ्या, लई भारी म्हातारा झालास की रं!" असं म्हणून हसला. आरोहीशी त्याची ओळख मीच करून दिली. ऑगस्टपासून त्यानं मला रोज फोन करायला सुरुवात केली. चुलतभाऊ ब्रिटनला ट्रक चालवायचं काम बघतोय, त्याला सांगायला तिकडं कसं बोलायचं ते मला शिकव म्हणाला. मी रणधीरला दुपारी अर्धा तास शिकवत होतो. चहा कसा मागायचा, खोली कशी विचारायची, बसमधून उतरताना काय म्हणायचं. त्याला सॉरी म्हणायला जमत नव्हतं. त्यावर आम्ही चार दिवस घालवले.

सप्टेंबरमध्ये आरोही मला म्हणाली, एजंट म्हणतो नवराबायकोची ओळख कशी झाली ते इंग्रजीत लिहून द्यावं लागतं, लग्न खरं आहे असं तिकडच्या साहेबाला वाटलं पाहिजे. मी तीन दिवसांत चार पानं लिहिली आणि लोहाऱ्याच्या सेवा केंद्रात टाईप करून घेतली. जुनं गाव, घोंगडी, हॅरॉल्ड, अकरा, गोळी, सगळं लिहिलं. नावाच्या जागा मोकळ्या सोडल्या. ती म्हणाली होती की पासपोर्टवरचं स्पेलिंग बघून एजंटच नाव टाकतो. आमच्याकडं कोणताही फॉर्म असाच देतात, सही करून मोकळा, भरणारा भरतो. मीही दिला. त्यानंतर लग्नाची तारीख विचारली की ती म्हणायची, एजंटचा फोन येऊ दे.

सोमवारी दिनांक 24 रोजी सकाळी अकरा वाजता वडिलांच्या एका दाखल्यासाठी मी लोहाऱ्याला पंचाक्षरी स्वामी यांच्या त्याच सेवा केंद्रात गेलो. ते मला म्हणाले, "काय म्हातारबा, बसा. तुमची ष्टोरी लई चालली बघा, व्हिसा आला." मी विचारलं, कोणती? त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. चार पानं माझी होती. मोकळ्या जागांमध्ये रणधीर उत्तरेश्वर साळुंके असं टाईप केलेलं होतं. घोंगडी रणधीरनं पांघरली होती. अकरा रणधीर म्हणाला होता. पंचाक्षरी म्हणाले, "मला वाटलं तूच त्यांना हौसेनं लिहून दिलंस. दोस्त म्हणून." त्यांचा यात दोष नाही.

कॉम्प्युटरवरच्या त्याच फाईलमध्ये आरोही व रणधीर यांच्या विवाह नोंदणीचा दाखला होता. विवाहाचा दिनांक 9 जून. त्या दिवशी मी सहापर्यंत जुन्या गावात होतो. ड्युटी डबल आहे असा तिचा मेसेज आला होता, तो मोबाईलमध्ये आहे, हवालदारांना दाखवला. 10 जूनला ती नेहमीप्रमाणं साडेचारला आली होती. त्यानंतर परीक्षेपर्यंत एकही दिवस चुकली नाही.

मंगळवारी तिच्या घरी गावातर्फे सत्कार होता. मंडप होता. बॅनरवर आरोही व रणधीर यांचा फोटो, खाली लंडनला निघाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. ती लंडनला नाही, लीड्सला चालली आहे. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो. तिथं आरोही व तिची आत्या हरणाबाई होत्या. आत्या म्हणाल्या, "ये बाबा, पेढा घे." आणि बाहेर गेल्या. आमचं बोलणं एवढंच झालं:

मी म्हणालो, "मला का न्हाय सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर परीक्षेपर्यंत आला असतास का तू?"

मी म्हणालो, "घरच्यांनी जबरदस्ती केली का? तसं असंल तर सांग."

ती म्हणाली, "न्हाय." मग म्हणाली, "आमच्या घरात तुझं नाव कसं काढणार होते मी, शिवराज? तूच सांग."

त्यानंतर मी मंडपात आलो. रणधीर माईकवर बोलत होता. आमची ओळख कशी झाली ते सांगत होता, आणि गोळीच्या वाक्यावर लोक टाळ्या वाजवत होते. मला बघून त्यानं माईक खाली केला आणि हळू आवाजात म्हणाला, "चिडू नको रं. तुला तिकडनं चांगलं जाकीट पाठवतो." मी त्याच्या कानाखाली एक मारली. एकच. दोन मारल्या असं आण्णासाहेब सांगतात ते चूक आहे. टेबलावर हारांशेजारी निळी फाईल होती, ती घेतली व मोटारसायकलवर निघून गेलो. वाटेत कोणी अडवलं नाही. सगळ्यांच्या हातात पेढे होते.

बुधवारी दिवसभर मी फाईल घेऊन वाडग्यावर होतो. पासपोर्ट जाळायचा विचार केला होता, हे मी लपवत नाही. ब्रिटनच्या व्हिसा खात्याला मोबाईलवर एक ईमेलही लिहिला, की हे लग्न व्हिसासाठी केलेलं आहे आणि सोबतची चार पानं माझी आहेत. इंग्रजी बरोबर आहे का ते दोनदा तपासलं. पाठवला नाही.

आज सकाळी आई भाकरी घेऊन आली तेव्हा पासपोर्ट तिच्या हाती लागला. आई शिकलेली नाही. तिनं आतला फोटो बघितला आणि म्हणाली, "पोरगी वाळली का रं एवढी?" मग म्हणाली, "लेकराचं पुस्तक हाय ते. देऊन टाक. तुझा राग तुझ्याजवळ ठिव, तो काय कुणी मागत न्हाय." म्हणून आलो.

फाईल व पासपोर्ट मी हवालदारांच्या टेबलावर ठेवला आहे. पासपोर्टचं एकही पान फाटलेलं नाही. ईमेल मी त्यांच्यासमोर पुसून टाकला. फाईलमधली चार पानं मात्र मी काढून घेतली आहेत. तीसुद्धा चोरीच आहे असं हवालदार म्हणाले. मी म्हणालो, मग चोरी लिहा.

आण्णासाहेब बिराजदार सकाळपासून ठाण्यात बाकावर बसलेले आहेत. त्यांनी मला सर्वांसमक्ष सांगितलं, "हे बघ पोरा, पोरीला काय ठाऊक नव्हतं, तूच मागं लागला होतास, असं लिहून दे. आमची बी तक्रार न्हाय, तुझी बी न्हाय. जा घरी." नाही लिहिलं तर मारहाण व चोरी अशी फिर्याद देणार म्हणाले. मी त्यांना विचारलं, आण्णा, आरोहीनं असं सांगायला सांगितलंय का? ते म्हणाले, "ती कशाला सांगंल? ती बॅग भरतीया." आई म्हणाली, "लिही बाबा, काय बिघडतंय." मी आईला बाहेर बसायला सांगितलं.

मी तिच्या मागं लागलो नव्हतो. ती रोज साडेचारला तिच्या पायानं येत होती. तिच्या लग्नाला किंवा जाण्याला माझी हरकत नाही. तिच्याविरुद्ध माझी तक्रार आहे, परंतु ती कोणत्या कलमात बसते हे हवालदारांना सांगता आलं नाही, सबब ती नोंदवलेली नाही.

जबाब टाईप झाल्यावर हवालदारांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात माझ्या नावापुढं 'एकतर्फी प्रेमातून' असं आलं होतं. मी तसं बोललो नव्हतो. हवालदार म्हणाले, असं लिहायची पद्धत आहे, आणि तुझ्याच फायद्याचं आहे. मी सही करायला नकार दिला. आण्णासाहेबांची फिर्याद आता दाखल होईल याची मला समज देण्यात आली, ती मला मान्य आहे. ते दोन शब्द माझ्यासमोर खोडण्यात आले. खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही
शिवराज बिराप्पा दुधभाते