चिमणीमागचे गिरिराज

कोंबडी कोणती पाळाची, ते मले नोका सांगू बायांनो, माह्या देराले विचारा! त्यानं लोणारहून मोठ्या हौसेनं गिरिराज जातीच्या कोंबड्या आणल्या अन् माह्या गावरानीले हसला, "वहिनी, हे कोंबडी हाये का चिमणी?"

म्या म्हटलं, "पाहू."

त्याच्या कोंबड्यायनं अंडे देल्ले चांगले मोठे, पण उबवाले एकही बसेना. अंडं टाकलं, की चालली उकिरड्यावर. शेवटी आला टोपलं घेऊन. "वहिनी, तुमची खुडूक बसली हाये ना? तिच्याखाली हे अंडे ठेवता?"

"काऊन भाऊजी? चिमणीच्या खाली?"

ठेवले. पिल्ले निघाले. आता रोज संध्याकाळी तो आपल्या दारात दाणे घेऊन बोलावते, अन् त्याचे गिरिराज माह्या चिमणीमांगं माह्या खुराड्यात!